उचलणं वेगळं, पेलणं वेगळं

खंडेनवमीच्या सकाळी निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, कळंबोलीचा लोखंड बाजार, नाशिकचं आडगाव किंवा नागपूरची वाडी, कुठेही गेलं तरी ट्रकच्या गॅरेजांसमोर हत्यारं मांडलेली दिसतात. डिझेलमध्ये धुतलेले पाने, घण, टामी, ग्रीसचा पंप. त्यांवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूच्या पाकळ्या. मधोमध, मानाच्या जागी, जॅक. वर्षभर टनावारी ओझं डोक्यावर घेणाऱ्याला हा मान रास्तच आहे. पुष्कळ गॅरेजांच्या रांगेत मात्र एक वस्तू शोधूनही सापडत नाही. तिचं नाव घोडी.

घोडी म्हणजे तीन-चार पायांचं लोखंडी स्टँड. मधल्या दांड्याला भोकं असतात. हव्या त्या उंचीच्या भोकात जाड खीळ घातली की घोडी तयार. तिच्यात तेल नाही, झडप नाही, हलणारा भाग नाही. तिने फक्त उभं राहायचं. गाडी वर नेतो जॅक, वर ठेवते घोडी. गॅरेजात नव्याने आलेल्या पोराला हा फरक पहिल्या आठवड्यात सांगितला जातो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या देखत बाजूला ठेवला जातो. कारण ठरलेलं असतं: दोन मिनिटांचं तर काम आहे.

वीतभर अंतर

ट्रकवाल्यांच्या बोलण्यात गाड्या आकड्यांनी ओळखल्या जातात. '१६१३' म्हणजे साधारण १६ टनांची, १३० अश्वशक्तीची टाटा, वजन नावातच. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने आसावरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. तेव्हापासून दोन टायरांच्या पुढच्या आसाला ७ टन आणि चार टायरांच्या मागच्या आसाला ११.५ टन, असे मिळून सहाचाकी ट्रकला १८.५ टन चालतात. दहाचाकीची मर्यादा २८.५ टन आहे. हे झाले कायद्यातले आकडे. खडी, वाळू किंवा ऊस भरलेली गाडी काट्यावर चढली की कधी कधी निराळेच आकडे दिसतात.

रिकामा सहाचाकी ट्रकसुद्धा सहा टनांच्या आसपास भरतो, आणि इंजिन-केबिनमुळे त्यातला निम्मा किंवा थोडा जास्तच भार पुढे असतो. म्हणजे हौद्यात काहीही नसताना नुसतं तोंड उचललं, तरी जॅकवर तीन टन येतात. खाली पाठीवर पडून काम करणाऱ्याची छाती आणि वरचं लोखंड यांच्यात कित्येकदा वीतभर अंतर असतं. तेवढं खाली यायला वजनाला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. पापणी लवायला लागतो तेवढा. गाडी सुटली तर अंग काढून घेऊ, हा भरवसा त्यामुळे फुकटचा ठरतो.

चामड्याच्या वाटीचा इतिहास

बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात मांडलं. त्याचा ग्रंथ छापून आला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. या तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये घेतलं. ब्रामाची ख्याती कुलपांसाठी होती. चोराला आत येऊ न देणं हा त्याचा धंदाच. इथे त्याची गाठ उलट्या अडचणीशी पडली. द्रव बाहेर पडू द्यायचा नव्हता आणि दट्ट्याच्या कडेने तो झिरपत होता. दाब वाढेल तशी आपोआप घट्ट बसणारी चामड्याची वाटी हा त्यावरचा तोडगा. त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. पुढे १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन या कारागिराने उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं पेटंट मिळवलं. आजच्या बाटली जॅकचा हा पूर्वज.

गणित साधं आहे. समजा, दांडा असा बसवलाय की हाताचा २० किलोंचा जोर २० पट होऊन लहान दट्ट्यावर ४०० किलो पडतो. लहान दट्ट्या १ चौरस सेंटिमीटरचा आणि मोठा २५ चौरस सेंटिमीटरचा असेल, तर वर १०,००० किलोंचा रेटा मिळतो. घर्षण वगळलं तर दहा टन, तेही एका हाताने. याची किंमत अंतरात मोजावी लागते. लहान दट्ट्या अडीच सेंटिमीटर खाली गेला की मोठा एक मिलिमीटर वर येतो. गाडी वीतभर उचलायची तर दांडा दोनशे वेळा हलवा.

इतकं सगळं वजन शेवटी कशावर तोललेलं असतं? बोटाएवढ्या झडपेवर आणि रबराच्या वळ्यावर. चामड्याच्या जागी रबर आलं, पण मॉडस्लेपुढची अडचण तीच राहिली. तेलात वाळूचा एक कण आला तर झडप नीट बसत नाही आणि गाडी कळेल न कळेल अशी खाली येऊ लागते. तेल कमी पडलं म्हणून कोणी ब्रेक ऑइल ओततं. त्याने या जॅकांतलं नेहमीचं रबर फुगतं, मऊ पडतं. दांडा जड लागतो म्हणून कोणी त्याला लांब पाइप जोडतं. दांडा जड लागणं ही जॅकची तक्रार असते, आणि पाइप जोडला की ती तक्रार ऐकू येईनाशी होते. हे सगळं बाहेरून दिसत नाही. काल ज्याने गाडी धरली होती तोच जॅक आज त्याच रंगाचा, तेवढ्याच उंचीचा असतो.

तेल न गळताही जॅक दगा देतो. गाडीचं एक टोक वर जाताना ती दुसऱ्या टोकाच्या चाकांभोवती फिरते, म्हणून आसावरची टेकण्याची जागा सरळ वर न जाता किंचित सरकत जाते. जॅकचं बूड मात्र जागचं हलत नाही. जॅक तिरका होतो, आणि त्याच्या गुळगुळीत डोक्यावर ग्रीस लागलेलं लोखंड असेल तर पुढचं सांगायला नको. डिफरन्शियलच्या गोल पोटाखाली जॅक लावू नये, स्प्रिंगच्या पाट्याच्या बैठकीजवळ सपाट जागा बघावी, असं जुने मिस्त्री सांगतात ते यासाठी. कंपनीच्या पुस्तिकेत या जागा चित्रासह दिलेल्या असतात. ती पुस्तिका बहुतेक वेळा मालकाच्या कपाटात, गाडीच्या कागदांसोबत असते.

आधी दगड

गाडी पडण्याआधी ती सरकू शकते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय, मग कशाला सरकेल?

ट्रकचा हँडब्रेक सहसा मागच्या चाकांना लागतो. मागचा आस उचलला की तीच चाकं अधांतरी होतात. जमिनीवर उरतात पुढची दोन मोकळी चाकं, आणि हँडब्रेक आपलं काम चोख करत असूनही कोणालाच धरून ठेवत नाही. गिअरचा भरवसा याहून फसवा. इंजिन मागच्या चाकांना जोडलेलं असतं ते डिफरन्शियलमधून, आणि वळणावर आतल्या-बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हेच त्याचं काम. एका बाजूचं चाक उचललं की ते मोकळं होतं. जमिनीवरचं चाक पुढे सरकू लागलं तर उचललेलं चाक हवेत उलट फिरतं, आणि गिअरमधली गाडी निवांत घरंगळते. ज्या जुन्या गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो तिथेही हीच गत. शाफ्टच उतरवला असेल, तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच उरत नाही.

म्हणून जॅकच्या आधी दगड. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे. उतारावर उताराच्या बाजूचा दगड आधी. खरं तर दगडापेक्षा पाचरीच्या आकाराचा लाकडी किंवा रबरी ठोकळा चांगला, कारण तो टायरच्या गोलाईला पूर्ण लागतो आणि गाडीच्याच भाराने जमिनीवर दाबला जातो. गोल दगड चाकाबरोबर गडगडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १२६ वं कलम हेच वेगळ्या भाषेत सांगतं: चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा अन्य उपाय करून गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज करायची. खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर बंद पडलेल्या गाडीचा क्लीनर दगड हातात धरूनच खाली उडी मारतो. त्याने हे कलम कधी वाचलेलं नसतं.

पायाखालची जमीन

गॅरेजातली जमीन निदान ओळखीची असते. रस्त्याकडेची रोज नवी. विदर्भ-मराठवाड्यात साइडपट्टीखाली काळी माती आणि तिच्यावर मुरमाचा थर. पावसाळ्यात वरून टणक दिसतो, आत लोणी. मे महिन्यात दुपारी डांबरसुद्धा मऊ पडतं आणि जॅकचं बूड त्यात रुतलेलं दिसतं.

जॅकचं बूड १५ बाय १५ सेंटिमीटरचं धरलं आणि वर पाच टन असले, तर दर चौरस सेंटिमीटरला २२ किलो पडतात. त्याच जॅकखाली ३० बाय ६० सेंटिमीटरची जाड फळी टाकली की हाच आकडा तीनच्या खाली येतो. एवढ्यासाठी लाकूड. वीट नको, सिमेंटचा ब्लॉकही नको. दोन्ही पसरलेला भार छान सोसतात, पण एका बिंदूवर आला की इशारा न देता फुटतात. लाकूड आधी चेपतं, करकरतं, चिरतं. ते मोडण्याआधी बोलतं, आणि खाली झोपलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

घोडीची जागा

गाडी वर गेली, आता घोडी. ती कुठे लावायची हे काय उघडायचं त्यावर ठरतं. चाक काढायचं, ड्रम उतरवायचा, ब्रेकचे लायनर बदलायचे, तर घोड्या आसाखाली. पाटे बदलायचे किंवा आसच सोडवायचा, तर आसाखालच्या आधाराचा उपयोग नाही. पाटे आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट सुटले की आस आणि चेसिस यांचा संबंध तुटतो. तेव्हा घोड्या चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांखाली लावायच्या आणि आस निराळा पेलायचा.

घोड्या जोडीने लागतात. दोन्ही एकाच उंचीवर, खिळी पूर्ण आत, सगळे पाय जमिनीवर. मग जॅक सावकाश सोडायचा आणि वजन घोड्यांवर येऊ द्यायचं. त्यानंतरचा प्रसंग गॅरेजबाहेरच्या माणसाला गमतीचा वाटेल: जी गाडी पडू नये म्हणून इतका खटाटोप केला, तिलाच मिस्त्री बाहेर उभा राहून खांद्याने धक्का देतो. हलायचं असेल तर खाली कोणी नसतानाच हलू दे, हा त्यातला हिशेब. काढलेलं चाकही तो कोपऱ्यात नेत नाही, चेसिसखाली आडवं सरकवून ठेवतो. सगळं फसलं तरी चाकाच्या जाडीएवढी जागा शिल्लक राहते.

घोडीही डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी नसते. २०२० मध्ये अमेरिकेत हत्यारं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला मोटारींसाठीच्या सुमारे १७ लाख घोड्या परत मागवाव्या लागल्या. त्या खिळीच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे दाते नीट अडकत नव्हते आणि भाराखाली घोडी खाली बसण्याचा धोका होता. त्याच वर्षी, त्यांच्या बदल्यात दिलेल्या काही घोड्यांमध्ये वेल्डिंगचे दोष निघाले आणि त्याही परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जुन्या अँगलची घोडी जोडून घेतली जाते. ती किती टन पेलते हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, कारण ते कोणी मोजलेलंच नसतं.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत जॅकसाठी वेगळं कलम आहे. क्षमता जॅकवर ठळक हवी, भार उचलताच त्याला लगोलग ठोकळ्यांचा आधार द्यावा, आणि नित्य वापरातला जॅक निदान दर सहा महिन्यांनी तपासावा. आपल्याकडे कारखान्यांच्या सुरक्षेचे नियम लागू होतात ते कामगारांच्या संख्येवरून. उस्ताद, एक कारागीर आणि एक शिकाऊ पोरगा, अशी महामार्गावरची गॅरेजं त्या मोजणीत येतच नाहीत. घोड्यांची जोडी ट्रकच्या एका नव्या टायरहून स्वस्त पडते. पण टायर मालक घेतो आणि घोडी मिस्त्रीने घ्यायची असते.

माणूस खाली न्यायचा

गाडी वर उचलण्यात एवढा जोखमीचा कारभार आहे, तर ती जमिनीवरच ठेवून माणूस खाली का नेऊ नये? एसटीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, आणि पुढे राज्यभर उभ्या राहिलेल्या आगारांमध्ये पिट आले. पिट म्हणजे बसच्या दोन चाकांमधल्या जागेएवढा रुंद, माणूस उभा राहील इतका खोल, बांधीव खड्डा. बस त्याच्यावर येऊन थांबते, मेकॅनिक पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली उभा राहतो. डोक्यावरची गाडी आपल्याच सहा टायरांवर असते. मोठ्या दुरुस्त्यांसाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा.

पिटची दुखणी वेगळी. रिकामा पिट उघडा राहिला तर चालता माणूस त्यात पडतो. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती तळाशी साचते. सीएनजी वर जातो, म्हणून त्या गाड्यांच्या कार्यशाळेत चिंता छताची. शिवाय पिटमध्ये चाकं उतरवता येत नाहीत. त्यासाठी पुन्हा जॅक आणि घोडी आहेच.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांत आता प्रत्येक चाकाला धरणारे फिरते खांब दिसतात. चार किंवा सहा खांब, एकेकाची क्षमता साडेपाच ते साडेआठ टन, सगळे एकाच लयीत वर जातात. तिथेही गाडी हव्या उंचीला पोचली की लोखंडी अडणा खाचेत बसतो आणि भार त्याच्यावर सोडला जातो. यंत्र लाखोंचं असलं तरी त्याच्या आत एक घोडी दडवलेली आहे.

उचललेलं दुसरं काही

ट्रकखाली न जाताही माणूस ट्रकखाली सापडतो. डंपरचा हौदा वर करून त्याच्या आणि चेसिसच्या मधे वाकून पाहणारा चालक हे खाणीवर आणि रस्त्याच्या कामावर नेहमीचं दृश्य. हौदा तोलून धरतो तो हायड्रॉलिक सिलिंडर. त्याचा पाइप फुटला, किंवा दुरुस्ती करणाऱ्यानेच चुकीचा नट ढिला केला, की हौदा बसतो. त्यासाठी पुष्कळ डंपरांना लोखंडी टेकू दिलेला असतो. तो उभा करायला अर्धा मिनिट लागतो. कित्येक गाड्यांवर तो रंगाच्या थरांनी जागेलाच चिकटलेला आढळतो. पुढे झुकणाऱ्या केबिनलाही असाच अडसर असतो. नव्या दहाचाकी-बाराचाकींत रिकामी गाडी चालवताना एक आस उचलून ठेवता येतो. तो हवेच्या दाबावर टांगलेला असतो, आणि हवा गेली की खाली येतो.

आणि चावी. गाडीखाली माणूस असताना कोणीतरी केबिनमध्ये चढून सेल्फ मारतो, ब्रेकची हवा भरायला म्हणून. शिस्तीच्या गॅरेजांत यावर बिनखर्ची उपाय आहे: गाडी उचलली की चावी खाली झोपणाऱ्याच्या खिशात.

दिवाळीनंतरची रात्र

पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसगाड्या रस्त्यावर येतात. जॅक-घोडीचं सगळं शास्त्र खऱ्या अर्थाने पणाला लागतं ते इथे. हौद्याच्या कितीतरी वर रचलेला ऊस, कच्च्या रस्त्याच्या कडेला तुटलेला पाटा, रात्रीचे दोन, आणि कारखान्याच्या फाटकावर लागायचा नंबर. माल उतरवून घेणं शक्य नसतं. एक बाजू उचलली की उंच रचलेला भार दुसऱ्या बाजूला झुकतो. घोडी वीस किलोमीटरवरच्या गॅरेजात असते. मग उसाच्या मोळ्या, बांधावरचा ओंडका, शेजारच्या गाडीचा जॅक, जे हाताला येईल ते खाली जातं, आणि मोबाइलच्या उजेडात एक जण आत सरकतो.

जे जाणते आहेत ते अशा वेळीही काही गोष्टी सोडत नाहीत. स्टेपनी आधी उतरवून चेसिसखाली ढकलतात. जॅकच्या बुडाखाली हौद्याची फळी टाकतात. मागे पन्नास-शंभर पावलांवर लाल त्रिकोण, तो नसेल तर झाडाची मोठी फांदी ठेवतात. आत जाणाऱ्याचे पाय बाहेर दिसत राहतील आणि त्याच्याशी बोलणारा एक जण बाहेर उभा राहील, एवढं बघतात.

उजाडता उजाडता पाटा बसतो. आधी सगळी माणसं बाहेर येतात, मग हत्यारं मोजली जातात, मग स्टेपनी ओढून काढतात. जॅकची किल्ली पाव फेरा उलटी फिरते, तेल सुस्कारत मागे जातं आणि टायर दबत दबत गाडीला जमिनीवर घेतात. उरतात चाकांमागचे दगड. गाडी निघून गेल्यावर ते रस्त्यातच राहिले, तर मागून येणाऱ्या दुचाकीचं चाक त्यावर जातं. क्लीनर खाली उतरतो. एक दगड बांधापलीकडे भिरकावतो. दुसरा चांगला पाचरीसारखा निघालेला असतो; तो सीटखाली जॅकशेजारी टाकून देतो, आणि गाडी कारखान्याच्या रांगेकडे वळते.